लाल न दिसणारी काच

चौदाव्या वर्षापासून लग्न होईपर्यंतचा माझा एकही फोटो नाही. फोटोवाल्याची पोर असून नाही. नातवंडं हसतात, म्हणतात, आजी, तुझे नाना अख्ख्या शहाद्याचे फोटो काढायचे आणि तुझाच कसा राहिला? राहिला खरा. मी काहीतरी थातुरमातुर सांगून त्यांना वाटेला लावते, कारण खरं सांगायचं तर झिपा नावाच्या तमाशातल्या एका माणसापासून सुरुवात करावी लागते, आणि तेवढं ऐकायचा धीर हल्लीच्या पोरांना कुठला! तुम्हाला असेल तर ऐका.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या. पुढची स्टुडिओ, मागची स्वयंपाकाची, मध्ये जाड निळा पडदा. मी दहा वर्षांची असताना आई तापानं गेली आणि तिच्याबरोबर घरातलं बोलणंही गेलं. नाना, म्हणजे माझे वडील, मुळात अबोल. गिऱ्हाइकाशी शुद्ध मराठीत चार वाक्यं, माझ्याशी अहिराणीत दोन. सकाळी ‘ऊठ माय’, रात्री ‘झोप माय’, मधला सगळा दिवस मुका. बाहेर कापसाच्या जिनची घरघर थंडीभर चालायची. हंगाम संपून ती थांबली की मला भीती वाटायची, एवढी शांतता घरात शिरायची. शाळा सातवीला सुटली होती, मैत्रिणी एकेक करून सासरी गेल्या होत्या. मी आपली चुलीशी बोलायची. खोटं नाही सांगत, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीला ‘फुग गं बाई’ म्हणायची आणि ती फुगली की बरं वाटायचं, चला, कुणीतरी ऐकलं.

नानांच्या डोळ्यांचं मला चौदाव्या वर्षी कढीमुळे कळलं. त्या दिवशी फुनके-कढी केली होती. डाळ भरडून वाफवलेले फुनके नाना कढीत बुडवून खायचे. त्यांनी फुनका उचलला आणि वाटीच्या शेजारी, कोरड्या ताटात बुडवला. तसाच तोंडात घातला आणि चावत राहिले. दुसऱ्या दिवसापासून मी वाटी रोज एकाच जागी ठेवायला लागले. मग चपलांची जागा ठरली, धोतराची ठरली, पाण्याच्या तांब्याची ठरली. चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात एकदा डोळे दाखवा, एवढं म्हणायला माझी जीभ काही रेटली नाही. पुढे गेलो, तेव्हा उशीर झाला होता. आज माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, मी हे चष्म्याशिवाय लिहिते आहे, आणि मधूनच मला स्वतःची लाज वाटते.

फोटोवाल्याला दिसत नाही हे गावाला कळलं असतं तर दुकानाला कुलूपच लागलं असतं. म्हणून मी युक्त्या काढल्या. नानांचा कॅमेरा जुना, कातडी भात्याचा, लाकडी पट्टीवर मागेपुढे सरकणारा. मी एका सुतळीला गाठी मारल्या आणि पट्टीवर चाकूनं तितक्याच खाचा पाडल्या. सुतळीचं एक टोक भिंगाशी धरायचं, दुसरं गिऱ्हाइकाच्या नाकाशी. जितकी गाठ, तितकी खाच. नाना काळ्या कापडाखाली डोकं घालायचे, बोटानं खाच चाचपायचे, भाता तिथे आणून अडकवायचे. फोटो असा स्वच्छ यायचा की भुवईचे केस मोजावेत. गिऱ्हाइकाला वाटायचं, नाना कापडाखाली केवढं बारकाईनं बघतायत!

दिव्याचं काम मात्र बोटांनी होण्यातलं नव्हतं. फ्लॅशचे बल्ब तेव्हा आवळ्याएवढे असायचे, एकदाच पेटायचे आणि फट्‌कन मरायचे. बाजारातले शेटजी कापड आणायला सुरतेला जात, तेव्हा आमच्यासाठी चार-सहा घेऊन येत. मोठ्या शहरातल्या स्टुडिओत म्हणे एका फोटोला तीन-तीन बल्ब लावायचे. आमच्याकडे एकाच बल्बला तीन कामं. एक लहान परात कल्हईवाल्याकडून आतून अशी चकचकीत करून घेतली होती की डोळे दिपावेत. तिला मधोमध भोक पाडून बल्ब बसवलेला, मागे टॉर्चचे तीन सेल सुतळीनं आवळलेले, आणि हे सगळं एका जुन्या टोपी-स्टँडवर टांगलेलं. दुसऱ्या बाजूला बांबूच्या चौकटीवर नानांचं धुतलेलं धोतर ताणलेलं, म्हणजे त्या बाजूच्या गालावर काळीठिक्कर सावली पडू नये. आणि माणसाच्या मागे, जमिनीवर, आईचा आरसा तिरपा ठेवलेला. तो उरलासुरला उजेड पकडून केसांवर टाकायचा, म्हणजे माणूस पडद्यापासून सुटा दिसायचा. दारं लावून खोली अंधारी करायची, भिंगाची टोपी काढायची, बटण दाबायचं, फट्! टोपी परत. संपलं. पण परात चार बोटं वर गेली की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडायच्या, चार बोटं खाली आली की माणूस भुतासारखा दिसायचा. म्हणून नाना परात हलवत असताना मी त्यांना खेटून उभी राहायची, हातात काळं कापड धरून, जशी काही मदतनीस. आणि पायानं त्यांचा अंगठा दाबायची. एकदा दाबला की ठीक, दोनदा दाबला की चुकलं. ह्या पायाबद्दलही आमच्यात कधी बोलणं झालं नाही हो. जणू माझा पाय आपला चुकून पडत होता. आणि मीच खुर्चीत बसले तर पाय कोण देणार, म्हणून माझा फोटो राहिला तो राहिलाच.

अजून एक काम माझ्याकडे होतं आणि सगळी गोष्ट त्यावर आहे, म्हणून नीट सांगते. आम्ही फोटोसाठी फिल्मच्या जागी मसाला लावलेल्या स्वस्तातल्या काचा वापरायचो. त्या काचांना लाल रंग दिसायचा नाही. म्हणून तर त्या लाल कंदिलाच्या उजेडात धुता यायच्या. पण त्यामुळे समोर जे जे लाल, ते ते फोटोत काळं यायचं. कुंकू काळं, रंगवलेले ओठ काळे, गालावर लाली असली तर तिथे खड्डा. गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधी मी त्याला कोपऱ्यात नेऊन खोबरेल लावलेलं फडकं द्यायची आणि सगळी लाली पुसायला लावायची. नवऱ्या मुली रडकुंडीला यायच्या. नाना नजरेनं बघायचे तेव्हा हे काम त्यांचं होतं. मग ते माझ्याकडे आलं, तेही न बोलता.

मी सोळाची झाले त्या वर्षी, मार्गशीर्षात, सारंगखेड्याच्या यात्रेला निघालेला एक तमाशाचा फड शहाद्यात थांबला. तंबूच्या दारावर जो फळा लावतात, त्यावर तोवर पेंटरनं रंगवलेली चित्रं असायची. ह्या मालकाला नवी हौस, की औंदा फळ्यावर खरे फोटो पाहिजेत. आमच्याकडे तेव्हा तीनच बल्ब होते, म्हणून तिघांचेच फोटो ठरले. नायकाचा, ढोलकीवाल्याचा आणि झिपाचा. झिपा म्हणजे फडातली बाई. वीस वर्षं तो लुगडं नेसून नाचत होता, आणि रंगवलेल्या फळ्यावर वीस वर्षं मधोमध त्याचंच चित्र होतं, पण ते चित्र तरण्या वयातलं. आता तो पंचेचाळिशीला टेकलेला, गाल बसलेले. आणि मालकानं नंदुरबारहून एक खरीखुरी पोरगी फडात आणलेली. आमच्या ओट्यावर उभा राहून, सगळ्यांच्या देखत मालक त्याला म्हणाला, “झिपा, फोटोमा बाई दिखनी तर तू फळावर. नही तर ती पोर फळावर आन तू चूल्हावर.” म्हणजे फडाचा स्वयंपाक करायचा. सगळे हसले. झिपाही हसला, पण त्याच्या हातातली विडी विझली होती आणि ती तो ओढतच होता.

पहिल्या दिवशी नायक आणि ढोलकीवाला झाले. त्यांची लाली मी कोपऱ्यात पुसून घेतली, तेव्हा झिपा बाहेर ओट्यावर होता. फोटोच्या वेळेला तो आत येऊन खाली जमिनीवर बसला. मी नानांच्या अंगठ्यावर पाय देत होते, एकदा, दोनदा, आणि माझं लक्ष गेलं तर झिपा माझ्या पायाकडे टक लावून बघत होता. निघताना तो माझ्यापाशी रेंगाळला आणि हळूच म्हणाला, “माय, तुन्हा बापना पाय दुखी जाई ना वं!” मी पाय मागे ओढून घेतला. तसा तो डोळे मिचकावून म्हणाला, “मी काई देखं नही.” दोन वर्षांत माझ्या मनातलं पहिल्यांदा कुणाला तरी माहीत झालं होतं. त्या दुपारी मी भाकऱ्या करता करता रडले, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ब्राह्मणपुरीहून आत्या आली. नानांची थोरली बहीण, आवाज जिनच्या भोंग्यासारखा. माझ्यासाठी स्थळं बघायचं तिनं मनावर घेतलं होतं. झिपा लुगड्याचं गाठोडं घेऊन दारात आलेला बघितला आणि तिनं मला दंडाला धरून पडद्याच्या आत ओढलं. “वं विमल, तू घरमा बठ! तमाशाना मानसेसमोर उभी ऱ्हावाले तू काय लहान शे का आते?” मी आता लहान नव्हते, एवढं तिचं खरं होतं. मी नानांकडे बघितलं. नाना पडद्याच्या दिशेनं तोंड करून उभे होते. त्यांनी एकदा म्हणायचं होतं, की पोरगी मला लागते. ते म्हणाले, “बठ माय घरमा. मी करी लेस.” मी पाट्यासमोर बसले आणि चटणी वाटायला घेतली. आत्या माझ्यासमोर फतकल मारून मेथी निवडायला बसली.

पडद्यापलीकडचं मला सगळं ऐकू येत होतं. लुगड्याची सळसळ, बांगड्या, डबीचं झाकण. मग नानांनी टोपी-स्टँड ओढल्याचा आवाज आला, आणि आवाजावरूनच मला कळलं, की स्टँड फार डावीकडे गेला. माझा जीव टांगणीला लागला. शेवटचा बल्ब होता. तेवढ्यात झिपा मोठ्यानं बोलला, अगदी तमाशाच्या तंबूत बोलावं तसा. “नाना, परात मन्हा कानसमोर शे. बराबर शे ना?” नाना काहीतरी पुटपुटले. मला क्षणभर कळलंच नाही. आणि मग कळलं, की हा प्रश्न नानांना नाहीच. मी वरवंटा पाट्यावर दोनदा आपटला. ठक्, ठक्. स्टँड सरकला. “आते नाकसमोर वनी, नाना?” ठक्, ठक्. “आते दोन्हीसना मधमा?” मी एकदाच आपटला. “उंची कपाळइतली ठेवी दिधी तुम्ही. चांगली शे?” ठक्. आत्या म्हणाली, अगं हळू, पाटा फोडशील. मी मान खाली घालून वाटत राहिले. बाई गं, किती आनंद झाला होता मला! धोतराची चौकट, आरशाचा तिरपेपणा, सुतळीची गाठ, एकेक करून सगळं त्यानं मोठ्यानं विचारून घेतलं. एकाला दिसत नाही, एक पडद्याआड, एक लुगडं नेसून खुर्चीत, आणि आमच्या तिघांत मिळून फोटो होत होता.

मग दारं बंद झाली. नाना म्हणाले, “हलू नको आता. टोपी काढतोय.” आणि तेव्हा मला लाल आठवलं.

डबीच्या झाकणाचा आवाज मी ऐकला होता. त्यानं ओठ रंगवले होते, गालाला लाली लावली होती, कपाळावर कुंकवाची आडवी चिरी काढली होती, आणि फडकं द्यायला तिथे मी नव्हते. नानांना ते दिसलं नव्हतं. वरवंट्यानं लाल कसं सांगणार? तोंडानं ओरडायला हवं होतं, नाना, लाली पुसा. एवढंच. पण समोर आत्या. तिनं लगेच विचारलं असतं, अगं, नानांना दिसत नाही का ते? आणि संध्याकाळच्या आत ब्राह्मणपुरीपर्यंत झालं असतं. माझं तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. उघड्या तोंडानं मी वरवंटा धरून बसले, आणि पलीकडे बल्ब फुटला. फट्. पडद्याच्या कडेनं पांढरा उजेड आला आणि गेला.

काच मी धुतली. छापून बघितली तर उजेड असा सुरेख पडला होता, केसांवर रुपेरी कड, डोळे जिवंत, हनुवटीखाली हवी तेवढीच सावली. आणि मधोमध काळं तोंड. गालांत दोन काळे खड्डे, कपाळावर जखमेसारखी काळी चीर. पंचेचाळिशीचा माणूस साठीचा दिसत होता. काचेवर शिसपेन्सिल चालवून मी गालांचे खड्डे थोडे बुजवले, ओठांचं काळं काही हलेना. नानांनी विचारलं, “कसा वना?” मी म्हटलं, छान. झिपा घ्यायला आला, तेव्हा त्यानं फोटो उजेडात धरला आणि बराच वेळ बघितला. मी पडद्याच्या कडेला उभी होते. तो माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं, पण त्यानं बघितलं नाही. “मस्त शे नाना,” म्हणाला, आणि रुमालात गुंडाळून घेऊन गेला.

नाना त्या वर्षी हट्टाला पेटले, की यात्रेला जायचं. माझे फोटो फळ्यावर लागलेत, मला बघायचेत, म्हणाले. ‘बघायचेत’ हाच शब्द. आत्या आपल्या गावी गेली होती, मीच त्यांना घेऊन गेले. तापीकाठी घोड्यांचा बाजार भरला होता, धूळ, लीद, भज्यांचा वास, त्यातून त्यांचा हात धरून मी तंबूपाशी आणलं. फळ्यावर नायक होता. ढोलकीवाला होता. मधोमध ती नंदुरबारची पोरगी, दुसरीकडे कुठेतरी काढलेल्या फोटोत, सपाट उजेडात, तरुण आणि सुंदर. नाना फळ्याकडे तोंड करून ताठ उभे राहिले. “मधमा झिपा शे ना?” मी म्हटलं, हो.

“नाना, राम राम!” मागून आवाज आला. तंबूच्या कडेनं झिपा येत होता. साधा सदरा, डोक्याला फडकं, लाली नाही, बांगड्या नाहीत. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, तो समजला. नाना खुशीत आले. शुद्ध मराठीत म्हणाले, “काय झिपा, मधोमध बसलास ना फळ्यावर!” झिपा फळ्याकडे बघत म्हणाला, “हां नाना. मधमाच शे. लोके उभा ऱ्हाईसन देखतस.” नानांनी हात पुढे केले आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. झिपा मागे घेऊ लागला, पण नानांनी सोडले नाहीत. त्यांची बोटं त्याच्या बोटांवरून फिरत गेली, खाच शोधायची तशी. झिपाच्या हातांना मनगटापर्यंत ओलं पीठ होतं. मग नानांनी हात सोडले, आपल्या धोतराला पुसले, आणि मला म्हणाले, चल माय.

नदीच्या वाळूत आल्यावर ते थांबले. “आते खरं सांग. फोटो कसा वना व्हता?”

मी सांगितलं. ओठ, गाल, चीर, सगळं. मग हेही सांगितलं, की बल्ब फुटायच्या आधी मला आठवलं होतं.

“मंग बोलनी का नही?”

“आत्याले कळी जातं ना, तुमले दिखत नही म्हणीसन.”

झालं. निघाला तो शब्द. मी वाळूत बघत उभी राहिले. त्यांनी मारलं असतं तरी चाललं असतं. नाना नदीकडे तोंड करून होते. तसेच म्हणाले, “मालेबी याद नही ऱ्हायनं. मन्हीबी चूक शे. त्या मानूसनी रोटी आपण दोन्हीसनी काढी लिधी.” आणि मग, आवाज न बदलता, “दोन वरीस व्हयनात माय. तुन्हं तोंड माले दिखत नही. आते कशी दिखस तू?”

दोन वर्षं मी ह्या माणसाला गावातल्या प्रत्येक चेहऱ्याबद्दल पायानं सांगत होते, आणि माझ्याबद्दल मला सांगता येईना. घरात आरसा एकच, आईचा. तो स्टुडिओत जमिनीवर तिरपा पडलेला, दुसऱ्यांच्या केसांवर उजेड टाकत. मी वेणी चाचपून घालायची. चौदाची सोळाची झाले तोवर मी स्वतःला नीट बघितलंच नव्हतं, आणि दुसरंही कुणी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, नाना, घरी जाऊन बघते आणि सांगते.

झिपाची माझी पुन्हा भेट झाली नाही. पुढच्या वर्षी फड आला, तेव्हा तो त्यात नव्हता. मी विचारलं, कुणाला धड माहीत नव्हतं. त्याच्या फोटोची काच मात्र माझ्यापाशी आहे, मऊ कापडात गुंडाळून ठेवलेली.

यात्रेहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरसा उचलला, पुसला, खिडकीत टेकवला आणि नानांना खुर्चीत बसवलं. मग मोठ्यानं सांगायला लागले. कपाळ आईसारखं रुंद आहे. नाक तुमचं आलंय, काय करता! उजव्या भुवईत पडल्याची खूण आहे, तुम्हाला माहीत असलेलीच. ओठ जरा जाड आहेत. कान बारीक. नाना मधूनमधून विचारत होते, मान कशी, रंग कसा, हसल्यावर कशी, आणि मी हसून बघत होते आणि सांगत होते. आई गेल्यापासून त्या घरात एवढं बोलणं झालं नव्हतं. मध्येच माझं लक्ष दाराकडे गेलं. ओट्यावर गिऱ्हाईक उभं होतं, बाजारातले शेटजी, बायकोला फोटोसाठी घेऊन आलेले. किती वेळ ऐकत होते कोण जाणे. त्यांच्या तोंडावर सगळं कळल्याचं दिसत होतं. मी त्यांना म्हटलं, बसा थोडा वेळ, आणि परत आरशाकडे वळले, कारण डोळ्यांचं सांगायचं राहिलं होतं.